परतीचं पाकीट

मेटकरवस्ती, ता. आटपाडी
१४ जून २०११

सुभेदारसाहेब, रामराम.

आमच्या वस्तीवर फोनला रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, आणि एवढं चढून बोललं तर तू अर्धं ऐकून फोन ठेवतोस. पलटणीत लागलेली पत्राची सवयच बरी. निदान पत्राच्या मध्ये तुला बोलता येत नाही.

खुशाली अशी, की आमच्या रविराजनं मला पुण्याच्या एका लायब्ररीचा सभासद करून टाकलंय. पुस्तकांची नव्हे, सिनेमांची. पोराला वाटलं, पेन्शनीत बाप डाळिंबाच्या बागेत एकटा बसून भ्रमिष्ट होईल. यादीतला सिनेमा सांगायचा, चार-सहा दिवसांत पोस्टमन सीडी घेऊन दारात हजर. बघायची, सोबत आलेल्या परतीच्या पाकिटात घालायची आणि टपालपेटीत टाकायची. पाकिटावर पत्ता त्यांनीच छापलेला, तिकीटही त्यांचंच. ती पोचली की दुसरी निघते. तुझ्यासारखं कराडच्या दुकानात जाऊन सीड्या विकत घ्या आणि लोखंडी कपाटात कुलपात ठेवा, असली भानगड नाही. तुझ्या कपाटातल्या किती सिनेमांना तू दुसऱ्यांदा हात लावलास, खरं सांग.

घरातून एकच तक्रार आली. पहिलं पाकीट मी चिकटवत होतो, तर रंगुबाई डाळिंबाचे दाणे मुठीत घेऊन उभी. "आवं, रिकामंच धाडताय व्हय? लोकांचं भांडं कुनी रिकामं परत करतं का?" टपालाच्या कायद्यात बसत नाही असं सांगून मी कशीबशी सुटका करून घेतली.

आता मुद्द्याचं. बसून वाच. त्या यादीत तो सिनेमा आहे. शहाऐंशी साली आपल्या छावणीत ज्याचं शूटिंग झालं, तो. हिरोला सावलीत खुर्ची आणि आपल्या प्लाटूनला दिवसभर उन्हात मार्च. तू, मी आणि तानाजी. आपण सिनेमा बघितलाच नाही, कारण तो लागला तेव्हा आपण सरहद्दीवर होतो. आणि पुढं तानाजी बर्फात गेला तो गेलाच. मी मागणी लावली आहे. आपली पाळी आली की येईल.

तुझा,
धुळा


उंब्रज
२१ जून २०११

धुळा,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग बसलो.

आधी तुझ्या लायब्ररीचा समाचार घेतो. गड्या, अठ्ठावीस वर्षं आपण दुसऱ्याच्या वस्तूंवर काढली. खाटेवर नंबर, मग्यावर नंबर, कांबळ्यावर नंबर. पेन्शनीला निघालो तेव्हा स्टोअरच्या खिडकीत एकेक वस्तू जमा करून सही केली, आणि बाहेर पडलो तर अंगावर स्वतःचं म्हणावं असं एक बनियन. त्या दिवशी ठरवलं, इथून पुढं परत द्यायची वस्तू घरात आणायची नाही. खाट माझी, टीव्ही माझा, सिनेमे माझे. बघितले नाहीत तरी माझे. ऊस माझ्या रानात उभा असला की मी रोज जाऊन चघळतो का? पण तो उभा आहे हे मला ठाऊक असतं. झोप लागते.

हा सिनेमा मी किती शोधला ते तुला माहीत नाही. कराड, सातारा, कोल्हापूर, सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणतो, साहेब, तो पडलेला सिनेमा, कोण काढणार त्याची सीडी. आणि तुझ्या लायब्ररीकडे ती आहे. तेव्हा नीट ऐक. सीडी आली की परत पाठवायची नाही. टपालात हरवली म्हणून कळव. दंड मी भरतो.

ही मौजेची गोष्ट नाही. शिराळ्याला धोंडुवहिनींकडे तानाजीचा एकच फोटो आहे, भरतीच्या वेळचा. टोपी कपाळावर, डोळे वटारलेले. तो बघून तानाजी कुणाला कळेल? आणि राणी बाप गेल्यावर जन्मली. सुट्टीवरून येताना बॅगभर गूळ-शेंगा आणून सगळ्या बराकीला वाटणारा माणूस, त्याला त्याच्या पोरीनं ह्या एका फोटोवरून ओळखायचं. मी कालच वहिनींना फोन करून सांगून टाकलं, की तानाजी सिनेमात आहे आणि सिनेमा सापडलाय. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "भावजी, चालताना दिसत्याल?"

मी म्हटलं, "वहिनी, मार्चच हाय की. चालतानाच दिसनार."

शब्द दिला आहे. आता सीडी आपल्या हातात कायमची हवी.

आकाराम


मेटकरवस्ती
२ जुलै २०११

आकाराम,

हुकूम मिळाला, मान्य नाही. तू सुभेदार होतास आणि मी हवालदार, पण आता दोघेही पेन्शनर.

माझ्या आज्ज्यानं उभ्या आयुष्यात एक वीत जमीन घेतली नाही. मेंढरं घेऊन इथून कोकणाच्या तोंडापर्यंत जायचा. ज्याच्या रानात बसवायची त्याला खत मिळायचं, आम्हाला पायलीभर धान्य. चारा खाल्ला की पुढचं रान. रान कुणाचं का असेना, गवत मेंढराच्या पोटात गेलं की ते मेंढराचं झालं. पण पाठीमागून दुसऱ्याचा कळप येतोय हे ध्यानात ठेवून चारायचं, असा दंडक होता. पाणवठा घाण करून पुढं जाणाऱ्याला आमच्यात पाणी विचारत नाहीत.

ती सीडी कुणीतरी दुसरापण मागत असेल. त्याचाही कुणी तानाजी त्यात असेल. मी हरवली म्हणून लिहिणार नाही. वहिनींना आणि राणीला पोटभर दाखवू, पाहिजे तितक्या वेळा दाखवू, आणि पाठवून देऊ. पुन्हा बघावीशी वाटली तर पुन्हा मागवू. लायब्ररी कुठं पळून चाललीय?

मात्र तू वहिनींना आधीच सांगायला नको होतंस. आपण अजून सिनेमा बघितलेला नाही.

धुळा


मेटकरवस्ती
१९ जुलै २०११

आकाराम,

सीडी आली. काल बघितली, आज पुन्हा बघितली.

सरळच लिहितो. आपला मार्च आहे सिनेमात. पण तोंडं नाहीत. हिरो खिडकीत उभा राहून बाहेर बघतो, आणि बाहेर नुसते बूट. धूळ उडते आहे आणि एका मागोमाग एक बूट जात आहेत. गुडघ्याच्या वर काही नाही. आपण दिवसभर उन्हात माना ताठ करून चाललो आणि त्यांनी कॅमेरा जमिनीवर ठेवला होता.

मी थांबवून थांबवून बघितलं. तानाजी तर सोड, मला माझे स्वतःचे बूट ओळखता आले नाहीत. ड्रिलच्या उस्तादानं शिव्या घालून घालून सगळ्यांचे पाय एकसारखे केले होते, आणि नेमके ते एकसारखेच आलेत.

आता वहिनींना काय सांगायचं ते तू कळव. शब्द तू दिलायस.

धुळा


उंब्रज
२३ जुलै २०११

धुळा,

तुझा विश्वास बसणार नाही, पण मी तुझं पत्र वाचून कपाट उघडलं आणि सगळ्या सीड्यांकडे बघत बसलो. दुसरी कुठली तरी प्रत असेल का, त्यात तोंडं असतील का, असले विचार. नसणार. मला कळतं.

ही सीडी वहिनींना दाखवायची नाही. शिराळ्यात आता नागपंचमीची गडबड सुरू होईल, त्यात चार दिवस निघून जातील. मी फोन करून सांगतो, की सीडी टपालात फुटली. वाईट वाटेल, पण फुटलेल्या वस्तूचं दुःख माणूस विसरतो. बाई गेली एकवीस-बावीस वर्षं एका फोटोवर काढते आहे. तिला टीव्हीपुढं बसवून सांगायचं, की ह्यातले कुठले तरी बूट तुझ्या नवऱ्याचे? माझ्यानं नाही होणार.

तू आता पाठवून दे पुण्याला. बघ, मीच म्हणतोय.

आकाराम


मेटकरवस्ती
२७ जुलै २०११

आकाराम,

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच मी सीडी रजिस्टर टपालानं वहिनींना पाठवली आहे. परतीचं पाकीटही सोबत दिलं. आत चिठ्ठी घातली: "वहिनी, आकारामनं सांगितलं ते खरं, पण तोंड दिसत नाही. फक्त बूट आहेत. बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठेवायची की परत धाडायची ह्यावरून आम्ही दोघं भांडतोय, पण झाल्यावर ह्या पाकिटात घालून पेटीत टाका."

तू रागावशील. रागाव. आपण दोघं इकडं ठेवायची की परत करायची म्हणून भांडतोय, दाखवायची की लपवायची म्हणून भांडतोय, आणि जिचा नवरा तिला कुणी विचारलंच नाही.

फुटली म्हणून फोन केला नसशील तर करू नकोस.

धुळा


शिराळा
१० ऑगस्ट २०११

(दोन्ही काकांना नमस्कार. आई सांगते आहे, मी लिहिते आहे. ती बोलते तसंच लिहायचं असा हुकूम आहे. हेच पत्र मी दोनदा लिहून दोघांना पाठवते, म्हणजे तुमच्यात वाद नको. राणी)

आकारामभावजी, धुळाभावजी,

सीडी पोचली. नागपंचमीच्या गर्दीत पोस्टमन दोन दीस उशिरा आला, पर पोचली. आकारामभावजी, तुमी फोन करून म्हनलासा सीडी फुटली, तवा ती माझ्या मांडीवरच व्हती. मी काय बोलले न्हाई. म्हटलं, मानूस मनानं चांगला हाय.

धुळाभावजी, तुमी आदीच लिवलं ते लय बरं केलंसा. न्हाईतर मी त्वांडच हुडकत बसले असते.

राणीनं टीव्हीला लावलं. गानी झाली, मारामारी झाली, मग त्यो खिडकीत हुबा ऱ्हायला आनि बूट आलं. राणी म्हनली, "आई, ह्यात काय कळायचं?" मी म्हटलं, "गप. मागं घे." तिनं मागं घेतलं. मी म्हटलं, "ह्ये बग. ह्ये तुजं पप्पा."

तुमाला वाटंल धोंडुबाई भरमली. तर आयका. आमचं लगीन ठरलं तवा ह्ये पंधरा दिसाच्या रजेवर आलं व्हतं. बगायला आलं तवा मी मान वर केली न्हाई. लग्नात अंतरपाट धरला, माझी मान खाली, आनि अंतरपाटाखालनं दोन पाय दिसलं. हळद लागल्यालं. अक्षता पडंस्तवर मी तेवढंच बगत हुते. ह्यांचं मी आदी पाय बगितलं, त्वांड मागनं.

मग शेल्याला गाठ बांधून देवाला गेलो, तवा बी ह्ये म्होरं, मी मागं. आनि दर रजा संपली की एस्टी स्टँडपातुर मी बॅग घेऊन मागनं चालायची. नवऱ्याच्या जोडीनं चालायची रीत न्हवती आमच्यात. तुमी दोस्त, तुमी बराबरीनं चाललासा, तुमाला त्वांड ठावं. मला पाय ठावं हायती. डावी टाच टेकताना जराशी आत घेत्यात. तुमच्या उस्तादाला ती काढता आली न्हाई. सिनेमात बी हाय.

आमी चार दीस बगितलं. शेजारच्या बायकास्नी बी दावलं.

आता ऱ्हायलं ठेवायचं का धाडायचं. तुमी दोघं त्येच्यावरनं भांडलासा म्हनं. भावजी, फौजीच्या बायकूला ह्ये इचारायचं असतंय व्हय? वर्सातनं दोन म्हैनं नवरा माझा, धा म्हैनं सरकारचा. मुदत भरली की परत धाडायचा. हरवला म्हनून सांगते आनि ठेवून घेते, असं कधी मनात आलं न्हाई का? लय वेळा आलं. पर धाडला. तशी ही बी धाडली काल. मीच जाऊन पेटीत टाकली.

मातर ह्यास्नी मी रिकाम्या हातानं कधी धाडलं न्हाई, बॅगंत गूळ-शेंगा असायच्याच. तुमी बी खाल्ल्यात. तवा पाकीट तरी रिकामं कसं धाडायचं? कागदात गुंडाळून गुळाचा येक खडा घातलाय. लायब्ररीतल्या मानसास्नी सांगा, घरचा हाय.

धोंडुबाई

(ता. क. काका, हे आईला न सांगता लिहिते. त्या दिवशी तिनं मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसून बघत राहिली. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, काय न्हाई. मग अंघोळ करून आले तेव्हा ओल्या फरशीवर माझीच पावलं दिसली. डावी टाच आत. बाविसाव्या वर्षी मला कळलं, की माझ्या वडिलांचं काहीतरी रोज माझ्याबरोबर चालतं. राणी)


मेटकरवस्ती
३० ऑगस्ट २०११

आकाराम,

वहिनींचं पत्र तुलाही आलंच असेल. मी बागेत नेऊन वाचलं, कारण घरात रंगुबाईसमोर रडायची मला सवय नाही. मग तिला वाचून दाखवलं, तर गुळापाशी मला थांबवून म्हणाली, "बगा. बाईला रीत कळती."

रीतीचं फळ आज टपालानं परत आलं. लायब्ररीनं सीडी माझ्याच पत्त्यावर पाठवली. बरोबर छापील कागद, त्यावर कुणीतरी हातानं लिहिलंय: "आपली सीडी गूळ व मुंग्यांसह मिळाली. गूळ वितळल्यामुळे ती आता अन्य सभासदांना देण्यायोग्य राहिलेली नाही. अनामत रक्कम जमा करून घेत आहोत. सीडी आपल्याकडेच ठेवावी." खाली बारीक अक्षरात लिहिलंय, की गूळ चांगला होता. आता त्यांनी वितळलेला गूळ खाल्ला की काय, ते मला विचारू नकोस.

झालं. झाली मालकीची. तुला हवी होती तशीच, पण कुणी खोटं न बोलता. एक फोन सोडून.

तू म्हणशील, बघ, शेवटी विकतच घ्यावी लागली. मी म्हणतो, परत पाठवली म्हणून मिळाली. ह्यावर आपण दिवाळीपर्यंत पत्रं लिहू शकतो.

सीडीला कागद चिकटलाय. मी हात लावला नाही, तशीच वहिनींना पाठवतो आहे. तिथं राणी आहे, तिला ह्यातलं कळतं. तुझ्या कपाटात ती येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणखी एक. ते बूट तानाजीचेच कशावरून, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. राणीचा ता. क. वाचून ते गेलं. तुझ्याही मनात आलं असेल तर तूही जाऊ दे.

धुळा


उंब्रज
२५ सप्टेंबर २०११

धुळा,

काल शिराळ्याला जाऊन आलो. तुझं पत्र यायच्या आधीच फोनवर मारलेल्या थापेबद्दल वहिनींची माफी मागायची म्हणून सकाळच्या गाडीनं गेलो, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. ताटावर बसवलं. ताटात गूळ होताच. वाढताना म्हणाल्या, "खावा, ह्यात मुंग्या न्हाईत."

राणीनं सीडी कोमट पाण्यानं धुतली आहे, मऊ कापडानं पुसली आहे. कागद निघाला, पण ओरखडे राहिले. जेवण झाल्यावर तिनं लावली. मी पहिल्यांदाच बघत होतो. सुरुवातीला ठीक चालते. मध्ये एका गाण्यात दोनदा अडकते, हिरॉइनीचा हात वर राहतो आणि राणीला हसू येतं. बटण दाबलं की पुढं सरकते.

मग खिडकी आली, धूळ आली, बूट आले. एक गेला, दुसरा गेला, तिसरा पडद्याच्या मध्यावर आला आणि चित्र थांबलं. डावी टाच नुकती टेकलेली. राणीनं सीडी काढून पुसून पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. तिथून पुढं ती जात नाही. सिनेमा शेवटी काय होतो ते आता त्या घरात कुणाला कळणार नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, कराडला माझ्या ओळखीचा हाय, मशीनवर घासून देतो. आनतो नीट करून. म्होरं चालंल."

तुला माहीत आहे मी कसा आहे. वस्तू माझी नसली तरी नादुरुस्त बघवत नाही. मी उठून सीडी काढायला निघालोसुद्धा. वहिनी टीव्हीपुढं जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, नुसता हात आडवा धरला.

"नगं, भावजी. रजा संपली की ह्ये मागं वळून न बगता चालू लागायचं. ऱ्हाऊ द्या की आता हुबं."

मी बसलो. राणीनं पंखा लावला. संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची होती, पण तिघांपैकी कुणीच टीव्ही बंद केला नाही.

तुझा,
आकाराम